थेरपीला गुण कशाने येतो?

थेरपीत सतत नवं काही येत असतं, त्यातलं आपल्या कामाला काय लागतं? मागच्या अंकात आम्ही समुपदेशक, मानसतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञांना हे विचारलं होतं. नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : माझं स्वतःचं छोटं समुपदेशन केंद्र आहे. यंदा दीड लाख रुपये बाजूला काढलेत. व्हीआर हेडसेट (आभासी दृश्य दाखवणारं यंत्र) घ्यावा, ईएमडीआरचं (आघाताच्या आठवणींवर डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने करायच्या उपचाराचं) प्रशिक्षण करावं की क्लायंटसाठी अ‍ॅप बनवून घ्यावं?
— समुपदेशक, गंगापूर रोड

उत्तर : तिन्हींच्या आधी एक काम करा. त्याला झेरॉक्सपलीकडे खर्च नाही. प्रत्येक क्लायंटची प्रगती आकड्यात मोजा आणि तो आकडा त्याच्यासमोर ठेवून बोला.

याची गरज का, ते २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातून कळतं. त्यात थेरपिस्टना विचारलं होतं की तुमच्या या ५५० क्लायंटपैकी उपचारात कोणाची अवस्था बिघडेल? त्यांनी मिळून ३ नावं दिली. प्रत्यक्षात बिघडले ४०, आणि त्या तिघांपैकी एकच या चाळिसांत होता. थेरपिस्ट हुशार नव्हते असं नाही. समोर बसलेला माणूस आभार मानून जातो, पुढची वेळ ठरवतो, आणि बिघाड आपल्या नजरेतून सुटतो.

मोजमापाचा फायदा किती, हेही नीट सांगायला हवं. २०२१ साली ५८ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा लक्षणांवरचा सरासरी फायदा छोटाच निघाला. उपचार मध्येच सोडण्याचं प्रमाण मात्र साधारण पाचव्या हिश्शाने कमी झालं. छोटा फायदा, पण जवळजवळ फुकट आणि प्रत्येक क्लायंटला लागू. दीड लाखाच्या कोणत्याही वस्तूबद्दल असं म्हणता येत नाही.

ईएमडीआर हा आघातोत्तर ताणावरचा मान्य उपचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली आघातकेंद्री सीबीटीच्या (विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणाऱ्या थेरपीच्या) बरोबरीने त्याची शिफारस केली. तुमच्याकडे अपघात, अत्याचार, आगीच्या घटना यांतून आलेले क्लायंट खरोखर किती, ते आधी रजिस्टरमध्ये मोजा. वर्षाला दोन-चार असतील तर त्यांना प्रशिक्षित सहकाऱ्याकडे पाठवणं स्वस्त आणि योग्य. स्वतःचं अ‍ॅप बनवू नका. वोबॉट हा थेरपी-चॅटबॉटमधला सगळ्यात गाजलेला प्रयोग होता. त्यावर संशोधन झालेलं होतं, मोठं भांडवल होतं, तरी त्यांनी ३० जून २०२५ रोजी अ‍ॅप बंद केलं. एकट्याने चालवलेल्या केंद्राचं अ‍ॅप दुसऱ्या वर्षी कोण सांभाळणार?

पैसे खर्चायचेच असतील तर वर्षभराच्या सुपरव्हिजनवर, म्हणजे अनुभवी सहकाऱ्याकडून आपलं काम नियमित तपासून घेण्यावर, खर्चा. व्हीआरबद्दल पुढे नाशिकरोडच्या प्रश्नात लिहिलं आहे.

प्रश्न : मी पीएचक्यू-९ (नैराश्य मोजणारी प्रश्नावली) भरून घेते, पण लोक कसंही टिक करून देतात. एकाने सरळ सगळीकडे ‘अजिबात नाही’ केलं. काहींचे गुण महिनोन्‌महिने हलत नाहीत आणि तोंडाने म्हणतात, मॅडम बरं आहे. मग आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा?
— मानसतज्ज्ञ, सातपूर

उत्तर : प्रश्नावली खोटं सांगते ती बहुतेक वेळा भरून घेण्याच्या पद्धतीमुळे. म्हणून आधी पद्धत तपासू.

पीएचक्यू-९ मध्ये ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. ५, १०, १५ आणि २० या पायऱ्यांवर सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र आणि तीव्र असे टप्पे धरतात. प्रश्न ‘गेल्या दोन आठवड्यां’बद्दल असतात. त्यामुळे दर आठवड्याला भरून घेतलं तर निम्मा काळ दोनदा मोजला जातो आणि आकडा उगाच संथ दिसतो. एक सेशन सोडून भरून घ्या. दर आठवड्याला काही हवंच असेल तर ओआरएस ही एकूण बरं-वाईट मोजणारी छोटी प्रश्नावली वापरा. त्यात १० सेंटिमीटरच्या ४ रेघा असतात आणि क्लायंट प्रत्येक रेघेवर खूण करतो. एकूण ४० पैकी गुण, प्रौढांसाठी २५ च्या खाली म्हणजे त्रास आहे. भरायला मिनिट पुरतं, पट्टीने मोजायला तेवढंच. झेरॉक्स काढताना रेघ १० सेंटिमीटरचीच राहते ना, ते पट्टी लावून बघा. ‘फिट टू पेज’ केलं की रेघ आखडते आणि सगळे गुण चुकतात.

कागद कुठे भरला जातो? वेटिंगमध्ये शेजारी नवरा किंवा सासूबाई बसल्या असतील तर ‘अजिबात नाही’ याच रकान्यात सगळं जाणार. कागद आतल्या खोलीत, सेशनच्या पहिल्या पाच मिनिटांत द्या. वाचायला अवघड जात असेल तर तुम्ही वाचून दाखवा, पण छापील मराठी शब्द जसेच्या तसे. “झोप लागते ना नीट?” असं विचारलं की उत्तर ‘हो’ येणारच. चार पर्याय मोठ्या अक्षरात एका कार्डावर लिहून समोर ठेवा आणि बोट ठेवायला सांगा.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांतल्या क्लायंटबाबत आणखी एक. झोप, थकवा, भूक या तीन प्रश्नांचे मिळून ९ गुण होतात. रात्रपाळीच्या आठवड्यात हे तिन्ही वर जातात आणि नैराश्य नसतानाही बेरीज १० च्या आसपास दिसू शकते. तेव्हा बेरजेबरोबर पहिले दोन प्रश्न (रस नसणं, उदास वाटणं) आणि स्वतःला कमी लेखण्याचा प्रश्न वेगळे बघा. कागदाच्या कोपऱ्यात पाळी कोणती होती ते लिहा आणि शक्यतो सारख्याच पाळीतले आकडे एकमेकांशी ताडून बघा. थकवा आणि झोप अडून बसली असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला फॅमिली डॉक्टरांकडे पाठवा. ही तपासणी राहून गेल्यामुळे सहा-सहा महिने थेरपी व्यर्थ चालवलेली दिसते.

आता न हलणारे गुण. पीएचक्यू-९ वर साधारण ५ गुणांचा फरक हा खरा फरक मानतात, त्याहून कमी हालचालीवर आनंद किंवा चिंता करू नका. चौथ्या सेशनपर्यंत ५ गुणही उतरले नसतील तर तेच काम पुढे रेटू नका, थांबा आणि क्रमाने तपासा. क्लायंटला ज्यावर काम हवं आहे त्यावरच आपण काम करतोय का? घरी करायला दिलेलं होतंय का, होत नसेल तर नेमकं कुठे अडतंय? दारू, कर्ज, घरातली मारहाण असं काही सांगायचं राहिलंय का? निदान बरोबर आहे का? औषधाची गरज आहे का? हाच क्रम ठेवा. आपण बहुतेक जण शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो किंवा तंत्र बदलून बघतो.

“बरं आहे मॅडम” यावर उपाय प्रश्नाच्या रचनेत आहे. आपल्याकडे समोरच्या शिकलेल्या माणसाला तोंडावर वाईट कोणी म्हणत नाही. त्यामुळे सेशनबद्दलच्या एसआरएस या प्रश्नावलीतही ४० पैकी ३९-४० येत राहतात. ३६ च्या खाली आलं तर बोलायचं असा तिचा नियम आहे, पण इथे तो क्वचितच लागू पडतो. म्हणून शेवटच्या तीन मिनिटांत “कसं वाटलं?” ऐवजी “आज मी कुठली गोष्ट घाईत उरकली?” किंवा “घरी गेल्यावर, हे बोलायचं राहिलं, असं काय आठवेल?” असं विचारा. उत्तर आलं की सफाई देऊ नका. वहीत लिहा आणि पुढच्या वेळी सुरुवात तिथूनच करा. हे एकदा केलं की पुढचे आकडे खरे यायला लागतात.

प्रश्न : तीन-चार सेशननंतर लोक येणं बंद करतात. इथे द्राक्षाचा हंगाम आला की महिना-दोन महिने कोणी फिरकतच नाही. यावर काही नवा उपाय?
— समुपदेशक, निफाड तालुका

उत्तर : जगभरच्या ६६९ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१२ साली झालं. त्यात मध्येच सोडणाऱ्यांचं प्रमाण सुमारे २० टक्के निघालं, म्हणजे पाचातला एक जाणारच असं धरून चला. तुमच्याकडे त्याहून खूप जास्त असेल तर दोन जागा तपासा.

पहिली जागा म्हणजे पहिलं सेशन. ‘बघू, येत राहा’ असं सांगितलेला माणूस येत नाही. किती सेशन लागतील, कधीपासून फरक दिसायला हवा आणि न दिसल्यास आपण काय करणार, हे पहिल्याच दिवशी सांगा. थेरपीच्या मात्रेवरचा १९८६ सालचा जुना अभ्यास सांगतो की साधारण निम्म्या लोकांना आठव्या सेशनपर्यंत फरक पडलेला असतो. म्हणून “आधी आठ वेळा भेटू, चौथ्या वेळी हिशोब बघू” हे वाक्य प्रामाणिक आहे आणि माणसाच्या लक्षात राहतं.

दुसरी जागा म्हणजे दोन सेशनमधलं अंतर. परवडत नाही म्हणून पंधरा दिवसांनी, मग महिन्याने बोलवणं ही आपली सवय. नेदरलँड्समध्ये नैराश्याच्या २०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्यातून दोनदा भेटणाऱ्यांना एकदा भेटणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला. सेशनची कमाल संख्या दोन्हींकडे सारखीच होती. यातून तुमच्यासाठी निघणारी गोष्ट सोपी आहे : क्लायंटला आठच सेशन परवडत असतील तर पहिली सहा तीन आठवड्यांत घ्या आणि उरलेली दोन लांब ठेवा. ऑक्टोबर छाटणीच्या आधी आणि खुडा सुरू होण्याआधी मोकळे आठवडे असतात, तिथे हे बसवा. हंगामात प्रत्यक्ष भेटीऐवजी रात्री साडेआठनंतर १५ मिनिटांचा फोन ठरवून ठेवा, आणि त्याचीही फी आधीच सांगा. फुकट फोनला दोन्ही बाजूंनी किंमत राहत नाही.

आठवणीचा मेसेज आदल्या दिवशी संध्याकाळी पाठवा. त्यात ‘समुपदेशन’, ‘थेरपी’, ‘मानसिक’ यातला एकही शब्द नको. फोन घरात चार जण बघतात. “उद्या ११ वाजता भेटू, जमेल ना?” एवढं पुरतं. दहा सेशनचं पॅकेज आगाऊ विकणं मात्र टाळा. त्याने हजेरी वाढल्यासारखी दिसते, पण नको असलेला माणूस पैशासाठी येऊन बसतो आणि तुमचे आकडेही बिघडतात.

प्रश्न : बसमध्ये आणि गर्दीत जीव घाबरा होतो म्हणून घराबाहेर न पडणाऱ्या क्लायंटसाठी व्हीआर घ्यावा का?
— क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, नाशिकरोड

उत्तर : उंची आणि विमानप्रवासाच्या भीतीवर व्हीआर चांगला चालतो, १९९० च्या दशकापासून त्यावर काम झालं आहे. त्याचा खरा उपयोग तिथे, जिथे खरी परिस्थिती महाग आहे किंवा पुन्हापुन्हा मिळत नाही. विमान रोज मिळत नाही, सिटीलिंकची बस मिळते. शिवाय तयार व्हीआर दृश्यांतली बस परदेशातली असते. तिच्यात ना आपला कंडक्टर, ना आपली रेटारेटी.

प्रत्यक्ष एक्सपोजर (भीतीच्या प्रसंगाला टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं) असं बांधा. क्लायंटबरोबर १० ते १२ पायऱ्या लिहा आणि प्रत्येकीला ० ते १०० भीतीचे गुण द्या. थांब्यावर दहा मिनिटं उभं राहणं २५. दुपारी अडीचच्या रिकाम्या बसने एक थांबा, सोबत कोणी, ४०. तीच बस एकट्याने, ५५. सीबीएस ते नाशिकरोड पूर्ण, दुपारी, ६५. तेच संध्याकाळी सहा वाजता, ८५. रविवार कारंजाच्या गर्दीत अर्धा तास, ९०. सुरुवात ३०-४० च्या पायरीपासून करा. १० च्या पायरीने काही शिकायला मिळत नाही. ९० ने सुरुवात केली तर क्लायंट परत येत नाही.

प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी त्याच्याकडून लिहून घ्या : ‘काय होईल असं वाटतं, किती खात्रीने?’ उदाहरणार्थ, ‘द्वारका चौकापर्यंत चक्कर येऊन पडेन, ८० टक्के.’ परतल्यावर दुसरी ओळ : ‘प्रत्यक्षात काय झालं?’ पूर्वी आपण भीती निम्मी होईपर्यंत थांबायला सांगायचो. आता भर भाकीत चुकण्यावर आहे. भीती ७० वरच राहिली आणि तरीही चक्कर आली नाही, तर ते सेशन यशस्वी आहे, हे क्लायंटला आधी सांगा. नाहीतर तो “भीती गेलीच नाही” म्हणून हरल्यासारखा बसतो.

हा उपचार फसतो तो बहुतेक वेळा लपलेल्या आधारांमुळे. पाण्याची बाटली, खिशातली गोळी, खिडकीची सीट, बायकोशी चालू ठेवलेला फोन, देवाचं नाव पुटपुटणं. यांची यादी करा आणि एकेक काढून घ्या. जपाबद्दल वाद घालू नका, “भीती घालवायला नको, एरवी जरूर करा” असं म्हटलं की पटतं. घरचे लोक प्रेमाने सोबत जात राहतात, म्हणून एक सेशन त्यांच्याबरोबर घ्याच. आठवड्यातून एकदा करून भागत नाही, पाच दिवस तरी हवं. छातीत दुखणं, खरोखर बेशुद्ध पडणं, गरोदरपण, हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

कार चालवण्याची भीती असेल तर द्वारका–मुंबई नाक्यावरचा उड्डाणपूल ही उत्तम पायरी आहे : आधी मागे बसून, मग पहाटे स्वतः चालवून. यात हेडसेट कुठेच लागत नाही.

प्रश्न : सुरगाणा, कळवणहून क्लायंट ऑनलाइन मागतात. समोरासमोर बसण्याइतका परिणाम होतो का?
— समुपदेशक, कॉलेज रोड

उत्तर : नैराश्य आणि चिंतेसाठी व्हिडिओवरच्या सीबीटीचे निकाल प्रत्यक्ष भेटीच्या जवळपास सारखे येतात. तेव्हा पद्धत हा अडथळा नाही, अडथळा रेंजचा आणि खासगीपणाचा. प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला तीन गोष्टी विचारून लिहा : आत्ता नेमके कुठे आहात, शेजारी कोण आहे, कॉल तुटला तर कोणत्या नंबरवर. जवळच्या एका माणसाचा नंबर पहिल्याच दिवशी, संमतीने. कोणी खोलीत आलं तर वापरायचं एक साधं वाक्य ठरवा, उदा. “बियाण्याचं नंतर बोलू.” ते ऐकलं की विषय बदलायचा. व्हिडिओ दोनदा अडकला की सरळ साध्या फोनवर या. “ऐकू येतंय का?” यात पंधरा मिनिटं गेली की सेशन गेलं.

चिठ्ठी, तक्ता, पायऱ्यांची यादी असलं काही दाखवायचं तर आदल्या दिवशी फोटो पाठवा. सिंहस्थात शहरातले रस्ते बंद राहतील, तेव्हा शहरातल्या क्लायंटसाठीही हीच तयारी लागेल. आत्तापासून एक सेशन ऑनलाइन करून बघा. आत्महत्येचा ताजा धोका, मनोविकृतीची लक्षणं किंवा घरातच अत्याचार करणारा माणूस असेल तर फक्त ऑनलाइनवर विसंबू नका.

प्रश्न : आमच्याकडे मानसतज्ज्ञ नाहीत. आशाताई आणि गावातले लोक थेरपी देऊ शकतात असं ऐकलं. हे सुरक्षित आहे का?
— आरोग्य कार्यकर्ती, पेठ तालुका

उत्तर : तुमच्याच तालुक्यात याचा प्रयोग झाला आहे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राचा ‘आत्मीयता’ हा उपक्रम २०१३ ते २०१५ मध्ये पेठ तालुक्यातल्या ४१ गावांत राबवला गेला. त्यात गावातलेच प्रशिक्षित लोक त्रासातल्या माणसाला ओळखून चार-सहा भेटी घ्यायचे, मोबाइलवर छोट्या फिल्म दाखवायचे, सरकारी योजनांशी जोडून द्यायचे आणि गरज पडली तर पुढे पाठवायचे.

आणखी भक्कम पुरावा गोव्याचा आहे. तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी झाली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी प्रत्येकी ६ ते ८ सेशन घेतली. तीन महिन्यांनी त्या गटातल्या ६४ टक्क्यांचे पीएचक्यू-९ गुण १० च्या खाली आले होते, नेहमीची सेवा मिळालेल्यांत ३९ टक्क्यांचे. त्यांनी शिकवलेली गोष्ट एकच : मन लागण्याची वाट न बघता छोटी कृती ठरवून करणं. तीही क्लायंटच्या आयुष्यातली हवी. ‘फिरायला जा’ नको. ‘मंगळवारी सकाळी सातला जावेबरोबर विहिरीपर्यंत’ असं दिवस, वेळ, सोबत यांसह. कृतीच्या आधी आणि नंतर मनाला ० ते १० गुण.

सुरक्षितता येते देखरेखीतून. गोव्यात समुपदेशक दर आठवड्याला एकत्र बसून संमतीने रेकॉर्ड केलेली सेशन ऐकायचे आणि एकमेकांना गुण द्यायचे. हा भाग गाळून फक्त दोन दिवसांचं प्रशिक्षण उरकलं तर योजनेचं नाव उरतं, परिणाम उरत नाही. आणि आशाताईंच्या डोक्यावर आधीच किती रजिस्टरं आहेत, हे ठरवणाऱ्यांनी मोजावं. मोबदला आणि वेळ न देता हे काम त्यांच्यावर टाकायला आमचा विरोध आहे.

प्रश्न : पीएचक्यू-९ च्या नवव्या प्रश्नाला (मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार) कोणी ‘काही दिवस’ अशी खूण केली तर काय करायचं? भीतीने मी तो प्रश्नच गाळते.
— शाळा व कॉलेज समुपदेशक, दिंडोरी

उत्तर : गाळू नका. आत्महत्येबद्दल सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. ० सोडून काहीही खूण असेल तर त्याच दिवशी, क्लायंट खोलीबाहेर जाण्याआधी बोला : विचार किती वेळा येतो, कसं करायचं ते ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, आधी प्रयत्न झालाय का, कशामुळे थांबला.

मग सहा भागांचा सुरक्षा आराखडा त्याच्याच शब्दांत, एका कागदावर लिहा : धोक्याची स्वतःला कळणारी चिन्हं, एकट्याने करता येतील अशा गोष्टी, मन दुसरीकडे नेणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं (नंबरसह), व्यावसायिक आणि हेल्पलाइन, घर सुरक्षित करणं. शेवटचा भाग आपल्या जिल्ह्यात सगळ्यात महत्त्वाचा. कीटकनाशकं घराबाहेर, कुलपात, आणि किल्ली दुसऱ्या कोणाकडे. हे आज कोण करणार, त्याचं नाव कागदावर हवं. विद्यार्थी १८ वर्षांखालचा असेल तर पालकांना कळवावं लागेल, हे त्याला आधी सांगा आणि कसं कळवायचं ते त्याच्याशी मिळून ठरवा. ठोस बेत असेल तर एकटं सोडू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा जिल्हा रुग्णालयात सोबत पाठवा.

आराखड्याइतकाच पाठपुरावा महत्त्वाचा. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला २०१८ सालचा अभ्यास सांगतो की आराखडा आणि त्यानंतरचे फोन मिळालेल्या गटात सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे ३ टक्के होतं, तर नेहमीच्या सेवेत ५ टक्क्यांहून थोडं जास्त. पहिला फोन ७२ तासांच्या आत. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. तो कागदावर लिहून देण्याआधी एकदा क्लायंटसमोर लावून दाखवा.

प्रश्न : माझ्या क्लिनिकमध्ये तीन समुपदेशक आहेत. कोणाचे निकाल चांगले, हे आकड्यांवरून ठरवता येईल?
— मानसोपचारतज्ज्ञ, इंदिरानगर

उत्तर : येईल, पण भागाकार नीट करा. समजा एका समुपदेशकाकडे ४० जणांनी १० च्या वर गुण असताना सुरुवात केली. २४ जणांनी उपचार पूर्ण केले आणि त्यातले १८ सुधारले (किमान ५ गुण उतरले आणि १० च्या खाली आले). १८ भागिले २४, ७५ टक्के, असं बोर्डावर लिहिण्याचा मोह होतो. पण मध्येच गेलेल्या १६ जणांच्या शेवटच्या नोंदीनुसार त्यातले ३ सुधारलेले होते. म्हणजे २१ भागिले ४०, साधारण ५२ टक्के. हाच खरा आकडा.

३०-४० क्लायंट पूर्ण होईपर्यंत तुलना करू नका. दहा जणांत एक माणूस इकडेतिकडे झाला तरी १० टक्के हलतात. सुरुवातीचे गुण १०-१४, १५-१९ आणि २० च्या पुढे असे गट पाडून बघा, कारण अवघड आणि सवलतीच्या फीचे क्लायंट बहुधा नव्या समुपदेशकाकडे ढकललेले असतात. पगार मात्र या आकड्यांना बांधू नका. त्या दिवसापासून आकडे सुधारतील आणि क्लायंट तसेच राहतील.

अनुभवाने निकाल आपोआप सुधारतात, हेही गृहीत धरू नका. १७० थेरपिस्ट आणि साडेसहा हजारांवर रुग्ण यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी २०१६ साली तपासल्या गेल्या, तेव्हा अनुभव वाढताना सरासरी निकाल किंचित घसरलेले दिसले. काही जण सुधारलेही होते. म्हणून दर आठवड्याला तिघांनी मिळून ४५ मिनिटं काढा : गुण न हलणारा एक क्लायंट, संमतीने रेकॉर्ड केलेली दहा मिनिटं, आणि त्यातलं एकच वाक्य वेगळ्या तऱ्हेने म्हणून बघण्याचा सराव. केस-चर्चेत गप्पाच जास्त होतात असा अनुभव असेल तर घड्याळ समोर ठेवा.

प्रश्न : सेशन रेकॉर्ड करून एआयकडून नोट्स करून घेतल्या तर वेळ वाचेल. चालेल का? आणि क्लायंटच आता चॅटबॉटला विचारून येतात, त्याचं काय करायचं?
— समुपदेशक, पंचवटी

उत्तर : सर्वसाधारण चॅटबॉटमध्ये क्लायंटचं रेकॉर्डिंग किंवा नावासकट मजकूर टाकू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ प्रमाणे गोपनीयता हा क्लायंटचा हक्क आहे आणि ‘सॉफ्टवेअरने साठवलं’ ही सबब चालणार नाही. खास या कामासाठीचं साधन घेणार असाल तर माहिती कुठे साठते, किती दिवस, आणि ती त्यांच्या मॉडेलच्या प्रशिक्षणाला वापरतात का, हे लेखी घ्या. क्लायंटची वेगळी लेखी संमती हवी आणि नाही म्हणण्याची खरी मुभा हवी. तयार नोट दर वेळी पूर्ण वाचा. न बोललेली गोष्ट त्यात घुसते, आणि ‘नाही’ गळून वाक्याचा अर्थ उलटा होतो. आत्महत्येच्या नोंदीत हे किती महागात जाईल!

खरं तर पाच ओळी हाताने लिहायला सात मिनिटं लागतात : आजचे गुण, कशावर काम केलं, घरी काय दिलं, धोका आहे का, पुढच्या वेळी काय. कलम २५ प्रमाणे क्लायंट आपल्या नोंदी मागू शकतो, तेव्हा त्याला वाचून दाखवता येईल असंच लिहा.

चॅटबॉटबद्दल पहिल्याच सेशनला, दारू-तंबाखूबद्दल विचारतो तितक्या सहजपणे विचारा : कधी बोलता, काय विचारता, नंतर कसं वाटतं? हिणवू नका, नाहीतर पुढे लपवतील. ओसीडी (तेच विचार आणि कृती पुन्हापुन्हा येण्याचा विकार) आणि आजाराची चिंता असलेल्यांत मात्र बारकाईने बघा. “मला खरंच काही झालं नाही ना?” हा प्रश्न घरच्यांना विचारायचा ते आता रात्री दोन वाजता चॅटबॉटला विचारतात. तो न कंटाळता धीर देत राहतो आणि चक्र घट्ट होतं. अशा वेळी चॅटबॉटला विचारणं हेही एक्सपोजरच्या यादीत घ्या : आधी विचारण्यापूर्वी १५ मिनिटं थांबणं, मग तासभर, मग दुसऱ्या दिवसापर्यंत.